वाचक विचारतात: शाळेची डिस्काउंट कार्डं नक्की विकायची कोणी?

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही कॅलिफोर्नियात बे एरियात राहतो, मुलगा नववीत आहे आणि हायस्कूलच्या मार्चिंग बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो. बँडच्या बूस्टर क्लबने (म्हणजे बँडसाठी पैसे उभे करणाऱ्या पालकांच्या क्लबने) प्रत्येक मुलाला दहा डिस्काउंट कार्डं दिलीत, एक कार्ड वीस डॉलरचं, वर पिझ्झा, बर्गर, कारवॉश, ऑइल चेंज असल्या ऑफर्स, आणि निम्मे पैसे बँडला. आमच्या चिरंजीवांनी ती दप्तरात टाकली ती तिथेच आहेत, म्हणतो "आई, मला लाज वाटते." गेल्या वर्षी मी ऑफिसात आणि मंडळातल्या मैत्रिणींना गळ घालून खपवली पण यंदा त्यांच्याच मुलांची कार्डं माझ्याकडे येतायत! त्यात मलाच कार्ड-विक्रीची प्रमुख केलंय. कमिटीचं म्हणणं, दहा कार्डं विकणं कम्पल्सरी करू, आणि जो विकेल त्याला बँड कॅम्पच्या पैशात शंभर डॉलर सूट देऊ. मुलांना कामाला लावायचं तरी कसं?
— एक बँड-आई

उत्तर : मुलांचं नंतर बघू, आधी कमिटीला थांबवा, कारण तुमची कमिटी दोन्ही पायांनी खड्ड्यात चाललीय.

कम्पल्सरी हा शब्द कॅलिफोर्नियात चालत नाही. १९८४ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने हार्टझेल विरुद्ध कॉनेल ह्या केसमध्ये सांगितलं की पब्लिक स्कूलच्या खेळ-संगीतासारख्या उपक्रमांनाही फी लावता येणार नाही, राज्यघटनेत शाळा मोफत म्हटलीय म्हणजे मोफत. २०१२ मध्ये त्यावर वेगळा कायदाही झाला. म्हणून तर तुमच्याकडच्या बँडच्या फॉर्मवर फी न लिहिता "फेअर शेअर डोनेशन" असं गुळगुळीत काहीतरी लिहिलेलं असतं. कार्डं विकली नाहीत म्हणून एखाद्या मुलाला परेडमधून वगळलंत तर तक्रार होईल, आणि व्हायलाच हवी.

शंभर डॉलरची सूट तर त्याहून महागात पडेल. व्हर्जिनियातल्या एका जिम्नॅस्टिक्स बूस्टर क्लबमध्ये ज्या घराने जितकी विक्री केली तितके पैसे त्याच घराच्या खात्यावर जमा व्हायचे. २०१३ मध्ये टॅक्स कोर्टाने म्हटलं की ही धर्मादाय संस्था नाही, हा सभासदांचा खाजगी फायदा आहे, आणि क्लबची करमाफी गेली. तुमचा क्लब ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी मिळालेली धर्मादाय संस्था, असेल (बहुतेक असतोच) तर पैसे सगळ्या बँडचे, हिशोब एकच. बक्षीस द्यायचंच तर सेक्शनला द्या, सगळ्यात जास्त कार्डं ड्रमवाल्यांनी विकली तर ड्रमवाल्यांना पिझ्झा, संपलं.

आता विक्री. मुलं आळशी आहेत असं तुमच्या पत्रात न लिहिताही जाणवतंय, पण मला तसं वाटत नाही. नववीतल्या पोराला शेजारच्या काकांकडे जाऊन वीस डॉलर मागायला लाज वाटते ह्यात नवल काय, तुम्हाला तरी त्या वयात वाटली नसती का? आणि मुलाने टाळलं की आई विकते हे त्याला पहिल्याच वर्षी कळलेलं असतं. आपल्या लोकांचा प्रॉब्लेम आणखी वेगळा, मंडळात ओळखीची घरं तीच तीच, प्रत्येक घरात एक शाळकरी मूल, त्यामुळे मी तुझं कार्ड घेते तू माझं घे असा नुसता फिरता आहेर होतो आणि बाहेरचा नवा डॉलर बँडला मिळतच नाही.

ते कार्डही एकदा नीट वाचून बघा. बर्गर, ऑइल चेंज. शाकाहारी घराने आणि टेस्ला चालवणाऱ्याने ते घ्यायचं कशाला? कंपनीकडून छापील कार्ड घेतलं की अशाच ऑफर्स येतात, शिवाय त्यात कंपनीचा वाटा जातो तो वेगळाच. पुढच्या वर्षी तुम्ही आणि आणखी दोघी-तिघी शाळेजवळच्या प्लाझामध्ये स्वतः फिरा. इंडियन ग्रोसरी, डोशाचं दुकान, बोबा टीवाला, आयब्रो थ्रेडिंगवाली, ह्यांना विचारा. पाच टक्के सूट कोणी दिली तर नको म्हणा, लोकांना "एकावर एक फ्री" समजतं आणि तेही वर्षभर कितीही वेळा वापरता आलं पाहिजे. दुकानाच्या मालकाची एका कागदावर सही घ्या, कारण काउंटरवरची मुलगी दर महिन्याला बदलते आणि गिऱ्हाईक कार्ड दाखवतं तेव्हा ती म्हणते हे आम्ही घेत नाही, मग ते गिऱ्हाईक पुढच्या वर्षी तुमच्याकडे वळूनही बघत नाही. कार्ड ऑगस्टमध्ये शाळा सुरू होतानाच विकायला काढा म्हणजे घेणाऱ्याला वर्ष पूर्ण मिळतं, जानेवारीत डिसेंबरची मुदत संपलेली कार्डं घेऊन बसायची वेळ येत नाही.

आणि महिनाभर दप्तरात ठेवायला देऊच नका! एक शनिवार ठरवा, सगळ्यांनी एकदम निघायचं, फुटबॉलच्या टीम्स असंच करतात आणि त्याला ब्लिट्झ म्हणतात. सुपरमार्केटच्या मॅनेजरची आधी परवानगी घ्या, दारापाशी टेबल लावा, मुलं बँडच्या युनिफॉर्ममध्ये, दोन-तीन जण वाजवतायत, दोघं बोलतायत. वाजवणारं पोर दिसलं की लोक आपसूक थांबतात, त्याला फार बोलावं लागत नाही. बोलायचं ते एवढंच, आम्ही अमुक हायस्कूलचा बँड, कार्ड वीस डॉलर, त्यातले दहा आमच्या वाद्यांना, आणि दोनदा डोसा खाल्लात की तुमचे पैसे वसूल. ज्याला बोलायचंच नाही त्याला हिशोबाला बसवा किंवा क्यूआर कोडचा बोर्ड हातात द्या, व्हेन्मो-झेलसारखं मोबाइलवरून पैसे घ्यायचं साधन नसेल तर विक्री बुडाली समजा, कॅश आता कोणाच्या खिशात नसते. कार्डांवर नंबर घाला आणि दिली-घेतली वहीत लिहा, प्रत्येक कार्ड म्हणजे वीसची नोट आहे. न खपलेलं परत घ्या, हरवलं तर काय ते आधीच सांगून ठेवा.

एक शेवटचं, जे कमिटीला आवडणार नाही. टेबलावर दुसरा डबा ठेवा, "कार्ड नको, नुसती देणगी." ते सगळे पैसे बँडचे. बे एरियात गूगल, अॅपलसारख्या कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीइतकीच भर स्वतः घालतात, म्हणजे एका बाबांनी शंभर डॉलर दिले तर क्लबला दोनशे, आणि तेवढ्यासाठी वीस कार्डं विकावी लागतात. करातही सरळ देणगी बरी, कार्डाच्या बाबतीत त्या कार्डाची किंमत वजा करून उरेल तेवढीच देणगी धरली जाते.

प्रश्न : कॅलिफोर्नियासारख्या एवढ्या श्रीमंत राज्यात शाळांना दारोदार मागावं का लागतं?
— एक आजोबा, पुणे (सध्या मुलीकडे)

उत्तर : आजोबा, एक मोठं कारण १९७८ चं प्रपोझिशन १३, म्हणजे मतदारांनीच मत देऊन मंजूर केलेला कायदा. घराचा प्रॉपर्टी टॅक्स नोंदलेल्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला आणि ती किंमतही वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही असं ठरलं. घरं करोडोंची झाली पण जुन्या मालकाचा टॅक्स जुन्याच भावाचा, आणि शाळा तर ह्याच पैशावर चालायच्या. राज्य सरकार नंतर पैसे देऊ लागलं खरं, पण कात्री लागली की बँड आणि चित्रकला पहिल्यांदा जातात. जावयाचा टॅक्स किती ते विचारून बघा, घर अलीकडच्या भावाने घेतलं असेल तर शेजारच्या जुन्या मालकाच्या कितीतरी पट असेल.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात शिक्षक आहे. खेळाच्या साहित्यासाठी गावातल्या दुकानांची अशी कार्डं पाचवी ते आठवीच्या मुलांना विकायला द्यावीत का?
— एक सर

उत्तर : सर, नका देऊ. आपण लहानपणी ७ डिसेंबरला ध्वजदिनाचे छोटे झेंडे विकलेत ते वेगळं, ते सैनिकांसाठी असायचं आणि एक-दोन रुपयांत भागायचं. मुलामागे कार्डांचा कोटा लावलात तर गरीब घरातला बाप स्वतःच दहा कार्डं घेऊन मोकळा होईल. शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ठरलेल्या फीशिवाय घेतलेली कुठलीही वर्गणी कॅपिटेशन फीमध्ये मोडते आणि कलम १३ ने त्यावर बंदी आहे, कोट्याची कार्डं त्याच वाटेने जातात.

तसंही आपल्याकडे कार्ड चालणार नाही हो! वाणी सगळ्यांना नावाने ओळखतो, उधारीवर देतो, वर घासाघीस केली की दहा रुपये सोडतो. सूट आधीच मिळते तर कार्डाला पैसे कोण देणार? त्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीची मीटिंग लावा, किती व्हॉलीबॉल, किती नेट, किती स्पाइक्स अशी यादी किमतीसकट फळ्यावर लिहा, आणि तिचा फोटो माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. पैसे नकोत, वस्तूच पाठवा म्हणा. गावच्या जत्रेच्या आठवड्यात टाका, मुंबई-पुण्याची सगळी पोरं तेव्हा गावाकडेच येतात.