सोळा लाखांची बॉक्सस्टर आणि सीटबेल्टचा शेवटचा हातभर पट्टा

तुम्ही विचारलंय की पुण्यात २००७ ची पोर्शे बॉक्सस्टर १६ लाखांत मिळतेय, तिसरा मालक, सर्व्हिस रेकॉर्ड शून्य, मीटरवर ४१ हजार, तर घ्यावी का आणि घेण्याआधी काय काय बघावं. मी हीच गाडी, याच सालची, डिसेंबर २०२२ मध्ये घेतली म्हणून लिहितोय. मी काही मेकॅनिक नाही, हिंजवडीत नोकरी करणारा साधा माणूस, पण या गाडीने मला बरंच काही शिकवलंय आणि फी पण चांगली घेतलीये.

आधी इंजिनाचं उरकून टाकतो कारण सगळे तुम्हाला त्याचीच भीती घालणार. आयएमएस बेअरिंग आयएमएस बेअरिंग (इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग) म्हणून जो गजर चालू असतो तो मुख्यतः जुन्या ९८६ मॉडेलचा, म्हणजे पहिल्या पिढीच्या बॉक्सस्टरचा, आणि २००५ च्या आसपासच्या गाड्यांचा. २००६ पासून बेअरिंग मोठं आलं, ते फुटण्याचं प्रमाण खूपच कमी आहे, फक्त ते इंजिन उघडल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, त्यामुळे कोणी 'क्लचबरोबर बेअरिंग पण बदलून देतो' म्हणाला तर त्याला २००७ चं इंजिन माहीतच नाही असं समजा. (२००९ पासून तर तो शाफ्टच गेला.) इंजिनाची खरी परीक्षा स्वस्तात होते. ऑइल फिल्टर कागदी असतो, तो काढायला लावायचा, कटरने त्याच्या घड्या उघडून पांढऱ्या कागदावर पसरायच्या आणि उन्हात नेऊन बघायचं. चमकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटले तर लोखंड, म्हणजे बेअरिंग वगैरे, नाही चिकटले तर ॲल्युमिनियम. काळे-तपकिरी प्लास्टिकचे तुकडे म्हणजे चेनचे गाइड झिजलेत. आणि सिलिंडरमध्ये ओरखडे आहेत का ते प्लगच्या भोकातून कॅमेरा घालूनच बघा, कारण सायलेन्सरच्या कोणत्या नळीला जास्त काजळी आहे ते बघा हा जो सल्ला फिरतो तो २.७ लिटर इंजिनाच्या बॉक्सस्टरला लागू नाही, तिला मधोमध एकच तोंड असतं आणि दोन्ही बाजूंचा धूर एकत्रच बाहेर येतो.

आता कागद. लोक गाडी बघायला जातात आणि कागद नंतर बघू म्हणतात, तिथेच फसतात. २००७ च्या गाडीची पंधरा वर्षं २०२२ ला संपली, म्हणजे पुनर्नोंदणी झालीये का हे आधी बघा, एम-परिवहन ॲपवर नंबर टाकला की फिटनेसची तारीख दिसते. झाली नसेल तर इम्पोर्टेड गाडीची फीच ४० हजार आहे, वर पर्यावरण कर, आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांची फी २०२५ मध्ये अजून वाढवलीये, म्हणजे तुमच्या गाडीला तो दिवस पण लांब नाही. बोजा उतरवलाय का बघा. कर्ज फिटलेलं असतं पण आरसीवरचा बोजा तसाच राहिलेला असतो आणि मग बँकेचा कागद आणि फॉर्म ३५ साठी तुम्ही हेलपाटे घालता. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, 'एजंट करून देईल' यावर तर अजिबात नाही.

आणि एक कागद कोणीच मागत नाही तो म्हणजे जुन्या इन्शुरन्स पॉलिसी. मागच्या तीन-चार वर्षांच्या मागा. त्यात नो क्लेम बोनस लिहिलेला असतो, २०, २५, ३५, ४५, ५० टक्के असा तो वर्षागणिक वाढत जातो. मालक तोच असताना एका वर्षी ४५ आणि पुढच्या वर्षी एकदम शून्य दिसला तर मध्ये क्लेम झालाय किंवा पॉलिसी बरेच दिवस बंद पडली होती, आणि दोन्हीची कहाणी तुम्हाला ऐकायलाच हवी. मी हे मागितलं नव्हतं. विकणाऱ्याने सांगितलं 'दोन वर्षं कव्हरखाली उभी होती साहेब, म्हणून इन्शुरन्स काढला नाही' आणि मी मान डोलावली.

तर ते कव्हर. जून २०२३ मध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि रात्री दोन वाजता सोसायटीत गाडीचा अलार्म वाजायला लागला, बंद होईना, सगळ्या बाल्कन्यांतले दिवे लागले. (आई आधीच म्हणत होती की एवढे पैसे घालून दोनच माणसं बसतात तर स्कूटर काय वाईट.) सकाळी गाडीने चावी ओळखायचंच बंद केलं. फ्लॅटबेड बोलावून गॅरेजला नेली. या गाडीचं अलार्मचं आणि चावी ओळखण्याचं युनिट सीटखाली असतं, कार्पेटच्या लेव्हलला, म्हणजे गाडीत पाणी शिरलं की सगळ्यात आधी तेच बुडतं. कोणी हे डिझाइन केलं त्याला एक पावसाळा पुण्यात ठेवायला हवा.

मिस्त्री म्हणाले छताचे ड्रेन तुंबले असणार. खरंच तुंबले होते. कापडी छत जिथे घडी होऊन बसतं तिथे दोन्ही कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या असतात, त्यात गुलमोहराची बारीक पानं पार घट्ट बसलेली, चहापत्तीचा चोथा बसतो ना तशी. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घालून हळूहळू मोकळ्या केल्या. हवेचं प्रेशर मारू नका, आत नळी निसटली तर सगळं पाणी थेट केबिनमध्ये. तुम्ही गाडी बघायला जाल तेव्हा बाटलीभर पाणी त्या कोपऱ्यात ओता आणि खाली जमिनीवर पडतंय का बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

मला वाटलं संपलं. पण मिस्त्री सीट काढताना गप्प झाले. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजून फुगलेले होते, त्यांचं म्हणणं एका पावसाचं हे काम नाही. मग त्यांनी सीटबेल्ट हातात घेतला आणि ओढत गेले, ओढत गेले, पार रिळापर्यंत, जेवढा आपण आयुष्यात कधी ओढत नाही. शेवटच्या हातभर पट्ट्यावर एक आडवी रेघ होती, अलीकडे काळा पट्टा आणि पलीकडे विटकरी. त्यांनी नखाने खरवडलं, बोटावर पूड आली, ती चोळून बघितली आणि म्हणाले, 'ही पुण्याची माती नाय हो. ही आमच्याकडची.' ते मूळचे कोकणातल्या खेडचे. आपल्याकडे काळी माती नाहीतर मुरूम, ही लाल जांभ्याची. चिपळूणचा महापूर २२ जुलै २०२१ चा, आणि माझ्या गाडीची 'कव्हरखालची' दोन वर्षं नेमकी तेव्हाची. सिद्ध मी काहीच करू शकत नाही, विकणाऱ्याचा फोन तर केव्हाच बंद झालाय.

फरक लक्षात घ्या. ड्रेन तुंबून आलेलं पाणी कार्पेट भिजवतं, वास आणतं, पण ते गाळ आणत नाही आणि वर चढत नाही. पुराचं पाणी बंद जागांमध्ये गाळ ठेवून जातं, बेल्टच्या रिळात, हेडलाइटच्या आतल्या कडेला, फ्यूजबॉक्सच्या मागे. डिटेलिंगवाला कार्पेट धुतो, सीटला पॉलिश मारतो, पण रिळात कोण हात घालतो?

अजून एक गंमत. मी बघायला गेलो तेव्हा बॅटरी उतरलेली होती म्हणून पुढची डिकी उघडली नाही, ती इलेक्ट्रिक लॅचवर उघडते आणि बॅटरी त्याच डिकीत, म्हणजे किल्ली तिजोरीत. आता माहीत झालंय की पायाजवळच्या फ्यूजबॉक्समध्ये एक टर्मिनल बाहेर ओढता येतं, दुसऱ्या बॅटरीचा प्लस तिथे आणि मायनस दाराच्या लोखंडी लॅचला लावला की डिकी उघडते. तुम्हाला कोणी हीच सबब सांगितली तर जंपर केबल घेऊन जा. झाकणाच्या आतल्या बाजूला फॅक्टरीचा स्टिकर असतो, चासी नंबर आणि ऑप्शनचे कोड असलेला. तो नसेल तर झाकण बदललेलं असू शकतं, म्हणजे पुढून ठोकलेली असू शकते. लांबी (पुट्टी) भरलीये का ते लोहचुंबकाने बघायची आपली सवय इथे कामाची नाही, ते झाकण ॲल्युमिनियमचं आणि बंपर प्लास्टिकचे. चासी नंबरातलं दहावं अक्षर ७ हवं. अकरावं यू असेल तर दचकू नका, बऱ्याच बॉक्सस्टर फिनलंडमध्ये जोडल्या जायच्या.

मीटरवर तर विश्वासच ठेवू नका. इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये इंजिन एकूण किती तास चाललं ते साठवलेलं असतं, स्कॅनरने वाचता येतं. माझं मीटर ३८ हजार दाखवत होतं आणि तास निघाले २,९००. भागून बघा, तासाला १३ किलोमीटर. पुण्याच्या ट्रॅफिकला कितीही शिव्या घातल्या तरी इतकं हळू कोणी आयुष्यभर चालवत नाही. तिथेच चुकीचा गिअर टाकून आरपीएम मर्यादेपलीकडे गेला होता का आणि कितव्या तासाला, ते पण दिसतं.

दुरुस्तीचं विचाराल तर सीट, कार्पेट, खालचा फोम सगळं बाहेर काढलं, फोम गच्चीवर आठ दिवस वाळला आणि तरी शेवटी फेकलाच. जमिनीलगतचा प्रत्येक कनेक्टर उघडून साफ केला, हिरवट बुरशीसारखा गंज होता. ते सीटखालचं युनिट नवीन घेतलं तर चाव्यांसकट कोडिंगचा खर्च पाहून डोळे पांढरे झाले, मग तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, विचारत विचारत बोर्ड दुरुस्त करणारा एक पोरगा सापडला, त्याने जुन्या बोर्डावरची मेमरी चिप उचलून मी बाहेरून मागवलेल्या सेकंडहँड युनिटवर बसवली, गाडीने चावी ओळखली. होज, क्लॅम्प, रिले नाना पेठेत मिळाले. कूलंटची प्लास्टिक टाकी मात्र ओरिजिनलच घ्या, ती या गाड्यांत तडकतेच, मागच्या डिकीत ओल दिसली तर तीच. पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे दोन रेडिएटर आहेत, त्यात पण पानं कुजून जाळी खाल्ली जाते, टॉर्च मारून बघा. सीटबेल्ट दोन्ही बदलले. सगळं धरून साडेचार लाख आणि सात महिने.

तुमच्या गाडीला सोळा जास्त आहेत. जुन्या पॉलिसी मिळाल्या, तास आणि मीटर जुळलं, बेल्ट शेवटपर्यंत काळा निघाला तर तेरापर्यंत बोला आणि दोन लाख बाजूला ठेवा. आधी टोकन देऊ नका. बेल्ट ओढायला गेलात आणि तो म्हणाला 'साहेब, तिकडे काय बघताय', तर चहा घ्या आणि रिक्षाने घरी या.