खांब, स्तंभ, कॉलम, पिलर, पिअर: यांत नेमका फरक काय?

रोजच्या बोलण्यात सगळ्याला 'खांब' चालतो. 'स्तंभ' हा त्याच अर्थाचा संस्कृत शब्द. तो लेणी, देवळं, विजयस्तंभ यांना शोभतो. बांधकामावर स्लॅबचा भार घेणाऱ्या आरसीसी (लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटच्या) खांबाला 'कॉलम' म्हणतात, गिऱ्हाईक त्यालाच 'पिलर' म्हणतं. पुलाच्या मधल्या आधाराला अभियंते 'पिअर' म्हणतात आणि दोन्ही टोकांना, जिथे पूल काठाला टेकतो, तिथल्या आधाराला 'अबटमेंट'. जुन्या दगडी पुलाचा पिअर नीट बघा: प्रवाहाकडची बाजू होडीच्या नाळेसारखी, म्हणजे पुढच्या टोकासारखी, टोकदार असते, म्हणजे पुराचं पाणी फाटून दोन्ही अंगांनी जातं. 'टेकू' मात्र तात्पुरता, काम झालं की काढायचा.

मला सर्वांत आवडतो तो वाड्यातला शब्द, 'तळखडा'. लाकडी खांब थेट जमिनीत न पुरता या घडीव दगडावर उभा करत, म्हणजे बुंध्याला ओल आणि वाळवी लागत नाही. वर तुळई, म्हणजे भार घेणारं आडवं लाकूड. कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात, ३७ खांब आहेत आणि दोन्ही बाजूंच्या रांगांत तळाशी दगडी घट कोरलेत. लाकडी खांब मडक्यात उभे करण्याच्या पद्धतीची ती आठवण, असं मानतात. ते खांब डोंगरातूनच कोरलेले, छताशी एकजीव, तरी लाकडाची रीत सुटलेली नाही.