तिचं पाऊल उचललं की

पोरी,

तू पाठवलेले तुझ्या तलवारबाजीच्या लढतींचे तिन्ही व्हिडिओ पाहिले. दुसऱ्यांदा पाहिले ते आवाज बंद करून, कारण तुझ्या मागे उभी असलेली मंडळी "मार, मार" ओरडत होती आणि माझंही लक्ष तिकडेच जात होतं. मग वही घेऊन बसले आणि शेवटची, १५-११ हरलेली बाउट, म्हणजे लढत, टच-टच करून, म्हणजे टोक लागून मिळालेला एकेक गुण धरून, लिहून काढली.

तुझ्या अकरा टचपैकी सहा डबल, म्हणजे दोघींचं एकदमच लागलेले. चार काउंटर अटॅकवरचे, म्हणजे ती हल्ला करत असतानाच तू हात पुढे काढून लावलेले. एक पॅरी-रिपोस्टचा, म्हणजे तिचं पातं अडवून उलट मारलेला. तिच्या पंधरातले तेच सहा डबल सोडले तर नऊ टच तिने एकटीने मारले, आणि त्या नऊपैकी सात वेळा तुझा हात पुढे लांब झालेला होता. म्हणजे सातही वेळा तू काउंटर अटॅकच करत होतीस, फक्त टच नोंदवणारा तुझा दिवा लागला नाही. तू लिहिलंस, "ताई, माझा काउंटर अटॅक चांगला आहे, पण मोठ्या मुलींपुढे चालत नाही." चार टच बघून तुला तो चांगला वाटतो. त्यामागे हे सात आहेत, ते तू मोजलेच नाहीस.

तू फॉईलमधून इपीत, म्हणजे एका प्रकारच्या तलवारीवरून दुसऱ्या प्रकारावर आलीस, म्हणून हे जास्त घडतंय. फॉईलमध्ये दोन्ही दिवे लागले की रेफरी आधी हल्ला कुणाचा होता ते बघतो. तिथे काउंटर अटॅकचा टच मिळवायचा तर हल्ल्याची शेवटची हालचाल सुरू होण्याच्या आत तुझं टोक लागलेलं असावं लागतं, नाहीतर तिचा नेम तरी चुकायला हवा. त्यामुळे तुझ्या शाळेतल्या सरांनी तुला "मध्ये हात घालू नकोस" असं बजावलं, ते बरोबरच होतं. इपीत ती अडचण नाही. आधी लागेल त्याचा टच, आणि सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघींचं लागलं तर दोघींना एकेक. ही मोकळीक मिळाल्यापासून समोरचीचं पातं हललं की तुझा हात बाहेर येतो. पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणजे तिचा हल्ला निघालेला पाहून मग तू हात लांब केलास तर एकटा तुझाच दिवा लागेल ही आशा धरण्यात अर्थ नाही. फार तर डबल होईल. बहुतेकदा तोही होणार नाही.

व्हिडिओ मंद गतीने बघ. तिच्या लंजला, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून मारलेल्या झेपेला, तिचा पुढचा पाय जमिनीला टेकायच्या जरा आधी तुझा हात निघतो, खांदे मागे जातात, हनुवटी वर होते. दोनदा तर मुखवट्याच्या जाळीतूनही तू मान फिरवल्याचं दिसतं. ही भीती आहे. ती असण्यात काहीच वाईट नाही. तोंडावर पोलादी पातं येत असताना अंग मागे सरतंच, माझंही सरायचं. पण भीतीने पुढे आलेला हात आणि ठरवून पुढे टाकलेला हात लांबून सारखेच दिसतात, आणि आपणच आपल्याला फसवतो. मी तीन वर्षं फसले. प्रेक्षक टाळ्या वाजवायचे, मला वाटायचं माझं टायमिंग उपजत आहे. मग एका स्पर्धेच्या पूलमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या गटफेरीत, पाचच्या पाच बाउट हरले. पाचही जणींनी मला एकाच पद्धतीने मारलं होतं. पद्धत काय ते पुढे सांगते.

आधी वेळेचं. काउंटर अटॅक करायचा तो तिच्या हल्ल्याच्या आधीच्या तयारीवर. हल्ला करायचा तर तिला अंतर तोडावं लागतं. चौदा मीटरच्या पिस्टवर, म्हणजे खेळायच्या पट्टीवर, तुम्ही दोघी बराच वेळ अशा अंतरावर असता की नुसत्या लंजने कुणीच कुणापर्यंत पोचत नाही. म्हणून ती आधी एक पाऊल पुढे टाकते, कधी पातं शोधते, कधी नुसताच हात खालीवर करते. ते पाऊल उचललेलं असताना, पुढचा पाय हवेत असताना, तिला थांबता येत नाही, मागे जाता येत नाही आणि लंजही मारता येत नाही. ते पाऊल टेकेपर्यंत ती अडकलेली असते. तुझ्या टोकाला निघायची वेळ हीच. पाऊल टेकून लंज सुटला की ती वेळ गेली. मग काउंटर विसरायचा. एक पाऊल मागे, पॅरी कर किंवा अंतर मोकळं ठेव आणि तिला हवेत मारू दे.

मारायचं कुठे, तर हातावर. इपीत डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळं अंग लक्ष्य असतं खरं, पण तिची छाती गाठायला तुला लंज लागतो आणि तिचं मनगट नुसता हात लांब केला तरी टप्प्यात येतं. तुझ्या चार यशस्वी टचपैकी तीन मनगटावर आणि कोपराच्या खाली लागलेत, ते तुझ्या लक्षात आलं का? आणि वाया गेलेल्या सातपैकी पाच वेळा टोक तिच्या खांद्याकडे निघालं होतं. ती धावून येत असताना तू तिच्या छातीकडे टोक नेलंस की तुझ्या छातीचा रस्ता तिला आपोआप मोकळा होतो, कारण दोघींच्या हाताची लांबी साधारण सारखीच आहे.

जिवा महालाची गोष्ट तुला पाठ असेल. प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाने महाराजांवर तलवार उचलली आणि जिवाने त्याचा तो उचललेला हातच तोडला, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. तलवारबाजीची शिक्षिका म्हणून मला त्या गोष्टीत नेहमी एकच दिसतं. वार करायला उचललेला हात हा त्या क्षणी सगळ्यात जवळ असतो आणि सगळ्यात उघडा असतो.

इपीचा गार्ड, म्हणजे मुठीपुढची वाटी, मोठा असतो, साडेतेरा सेंटीमीटरपर्यंत. त्याच्या मागे मनगट झाकलं जातं ते हात सरळ आणि शांत असेपर्यंतच. तिने हात वर घेतला की मनगटाची खालची बाजू उघडी पडते, खाली सोडला की वरची. डावखुरी असेल तर बाहेरची बाजू बहुधा उघडी मिळते, पण तुझीही तिला तशीच मिळते, हे विसरू नकोस. टोक सरळ घुसवू नकोस. गार्डवर आपटून निसटेल, आणि साडेसातशे ग्रॅमचा दाब बसल्याशिवाय दिवा लागत नाही. मनगट किंचित वाकवून, कोनातून लाव. तुझा स्वतःचा गार्ड मात्र तिच्या पात्याच्या आणि तुझ्या हाताच्या मधेच राहायला हवा. मनगट वाकवण्याच्या नादात कोपर बाहेर गेलं तर तिथेच तुला ती मारेल.

क्रम असा: हात आधी, पाय मग. तुझे पाय आधी मागे पळतात आणि हात मागून ओढल्यासारखा येतो, त्यामुळे टोक पोचत नाही. हात लांब झाला, टोक लागलं, की त्याच लयीत मागचा पाय मागे. दोन्हींत अंतर इतकं थोडं असतं की बघणाऱ्याला एकच हालचाल वाटते, पण तुझ्या अंगाला तो क्रम माहीत असला पाहिजे. कंबरेतून मागे झुकू नकोस. झुकलीस की दुसरं पाऊल टाकता येत नाही, आणि पहिला टच चुकला तर तुला दुसऱ्या पावलाचीच गरज पडणार आहे.

कधीकधी मागे जायला जागा नसते, किंवा ती इतक्या जोरात येते की हातावरचा टच चुकला तर सुटका नाही. तेव्हा मागे न जाता तिचं पातं सिक्सच्या, म्हणजे तुझ्या तलवारीच्या हाताच्या वरच्या बाहेरच्या बाजूला दाबत, त्याला लागूनच टोक पुढे न्यायचं. तिचा रस्ता बंद, तुझा उघडा. यात डबल होण्याची भीती सगळ्यात कमी, पण हात पुरता सरळ आणि गार्ड खांद्याच्या उंचीवर हवा. हे तुला मी समोरासमोर शिकवीन. पत्रात नुसतं वाचून करायला गेलीस तर दंडावर वळ घेऊन येशील.

आता ती पाच मुलींची पद्धत. त्यांना कळलं होतं की पाऊल आपटलं की माझा हात येतो. म्हणून त्या अर्धवट पाऊल टाकायच्या, हात जरासा दाखवायच्या, मी काउंटर करायचे, आणि त्या माझ्या पात्याची वाट बघतच उभ्या असायच्या. पॅरी, रिपोस्ट, टच. कोच याला काउंटर टाइम म्हणतात. तुझ्याशी अंतिम फेरीत खेळलेली मुलगी नवव्या टचनंतर नेमकं हेच करत होती. शेवटचे चार टच बघ: तिच्या हल्ल्यात जोर नाही, पुढचा गुडघा वाकलेला, वजन दोन पायांच्या मधोमध. ती येत नव्हती, तुला बोलावत होती.

अशा मुलीपुढे काउंटर अटॅक सोडून द्यायचा नाही. तो अर्धाच दाखवायचा. हात निम्मा लांब कर, तुझं नेहमीचं घाबरलेलं काउंटर वाटेल असा. ती पॅरीला पातं फिरवेल. तिच्या पात्याच्या खालून टोक काढ आणि मग मार. तिने लावलेल्या सापळ्यात तिचाच हात सापडतो. मला स्वतःला या एका चालीने जितका आनंद दिला तितका दुसऱ्या कशाने दिला नाही. चाळिशीत एका क्लबच्या सरावात ती साधली होती, तरी रात्री झोप लागली नव्हती. पण ती करायला आधी तुझा खरा काउंटर अटॅक इतका नेमका हवा की समोरचीला त्याची धास्ती वाटली पाहिजे. ज्या काउंटरला कुणी भीत नाही, त्याच्या हुलकावणीला कुणी पॅरी करत नाही.

आणि गुणफलक बघायला शीक. तू ९-६ ने मागे होतीस आणि तेव्हा दोन डबल घेतलेस, आणि प्रत्येक डबलनंतर मूठ आवळलीस. कशासाठी? फरक तीनचा तीनच राहिला आणि ती पंधराच्या दोन पावलं जवळ गेली. पुढे असताना डबल तुझा मित्र, मागे असताना वैरी. रिओ ऑलिम्पिकची २०१६ ची पुरुष इपीची अंतिम लढत शोधून बघ. हंगेरीचा गेझा इम्रे एक्केचाळीस वर्षांचा, आदल्या वर्षीचा जगज्जेता. समोर कोरियाचा वीस वर्षांचा पार्क सांग-यंग, ज्याच्या गुडघ्याची दुखापत वर्षभरापूर्वीचीच होती. दुसऱ्या विश्रांतीला पार्क १३-९ ने मागे होता आणि खुर्चीवर बसून "मी करू शकतो" असं स्वतःशीच पुटपुटत होता. पुढे १४-१० झालं. आता इम्रेला एक टच पुरे होता, डबल झाला तरी सोनं त्याचंच. म्हणजे पार्कला पाच टच हवे होते, आणि पाचही एकट्याच्या दिव्याचे. त्याने ते मारले. १५-१४. कोरियात लोकांनी त्याचं ते पुटपुटणं डोक्यावर घेतलं. तू मात्र ते पाच टच बघताना त्याच्या पायांकडे बघ. एक डबलसुद्धा परवडणार नसेल तर माणूस अंतर किती जपून तोडतो, ते तिथे दिसतं.

नुसतं वाट बघत उभं राहणंही चालत नाही, हे बाद फेरीत लक्षात ठेव. एक मिनिट कुणाचाच टच झाला नाही की निष्क्रियतेची कार्डं निघू लागतात, आणि मागे असलेल्या मुलीला ती जास्त महागात पडतात. म्हणून तिला पाऊल टाकायला लावणं हे तुझं काम आहे. अर्ध पाऊल मागे जा आणि थांब, म्हणजे तिला वाटेल अंतर मिळालं. पातं जरा खाली सोड, म्हणजे तिला तुझं मनगट दिसेल. ती पाऊल टाकेल ते तू ठरवलेल्या जागी, तू ठरवलेल्या वेळी.

त्या पाच पराभवांनंतर माझ्या प्रशिक्षकांनी महिनाभर माझ्या हातात इपी दिलीच नाही. हात पाठीमागे बांधल्यासारखे धरायचे, समोर एक मुलगी इपी घेऊन पुढे येणार, मी मागे सरकायचं, आणि तिचा पुढचा पाय उचलला की मोठ्याने "आता" म्हणायचं. बस, इतकंच. पहिले आठ दिवस माझं "आता" पाऊल टेकल्यावर यायचं. मला रडू यायचं, राग यायचा, इतर मुली हसायच्या. तिसऱ्या आठवड्यात एकदा "आता" म्हटलं आणि समोरची मुलगी एक पाय हवेत ठेवून तशीच थबकली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. त्या दिवसापासून मला पाऊल दिसायला लागलं. त्याआधी मी फक्त पात्याचं टोक बघत होते, आणि ते बघून काही कळत नाही, ते फार लवकर हलतं.

घरी तोवर एवढं कर. दाराच्या चौकटीला सुतळीने टेनिसचा चेंडू मनगटाच्या उंचीवर टांग. हात लांब, टोक चेंडूला, मग पाऊल मागे. रोज पन्नास. घाई नको, चेंडू हलला पाहिजे पण भिरभिरता कामा नये. आणि पुढच्या महिन्यापर्यंतच्या सगळ्या सराव बाउटमध्ये प्रत्येक टच वहीत लिही: कुणी मारला, कशावर, तिचा पाय तेव्हा कुठे होता. डबल वेगळ्या रकान्यात.

शनिवारी सात वाजता ये. ग्लोव्ह आण, जादा बॉडी वायर, म्हणजे इपी यंत्राला जोडणारी तार, आण, माझ्याकडची एक तुटली आहे. इपी पिशवीतच राहू दे. पहिला अर्धा तास तू हात पाठीमागे धरून मागे सरकणार आहेस, आणि तुझ्यापुढे चालून येणार आहे मी.

तुझी,
ताई