माइंडफुलनेसला मराठीत काय म्हणायचं? सजगता, सावधानता की भान

सोलापुरातली माझी एक मैत्रीण नर्सिंगच्या मुलींकडून रोज सकाळी पंधरा मिनिटं माइंडफुलनेसचा, म्हणजे डोळे मिटून श्वासावर लक्ष ठेवायचा, सराव करून घेते. त्यासाठी तिनं मराठीत एक पान तयार केलंय आणि मला विचारलं, की याला सजगता लिहू का सावधानता, कारण मुली म्हणतात सजगता लई पुस्तकी वाटतं आणि सावधान म्हटलं की मंगलाष्टका आठवतात. फोनवर घाईत उत्तर दिलं होतं, पण विषय माझ्या जवळचा आहे, मी स्वतः काही वर्षं रोज या सरावाला बसतो, म्हणून आता नीट लिहितो.

आधी सावधान. शब्द फोडला तर तो अगदी बरोबर आहे, स आणि अवधान, म्हणजे अवधानासकट. ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय तर अवधान द्या या मागणीनंच सुरू होतो. पण वापरात तो शब्द कुठं जाऊन बसलाय बघा, शाळेच्या कवायतीत सावधान-विश्राम, घाटात सावधान पुढे वळण आहे, आणि लग्नात. सगळीकडं अंग ताठ होतं. सावध माणूस म्हणजे कुणी फसवेल म्हणून जपून असलेला माणूस. डोळे मिटून बसलेल्या पोरीला सावधान म्हटलं तर खांदे वर जाणार, आणि आपल्याला तर ते खाली आणायचेत.

सजगता चुकीचं नाही, त्यात जागं असणं आहे, हिंदीत तर सर्रास चालतं. पण आपल्या घरात कुणी कुणाला "जरा सजग रहा गं" म्हणत नाही. मजकुराच्या मथळ्याला चालेल, सूचना देताना जिभेवर बसत नाही.

आता मुळाकडं जाऊ, कारण खरी गंमत तिथं आहे. हा सराव मूळचा बौद्ध, आणि बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतला त्याचा शब्द आहे सति, म्हणजे संस्कृतातली स्मृती, अर्थ आठवण. त्याला माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द पालीचे अभ्यासक रीस डेव्हिड्स यांनी 1881 च्या त्यांच्या बौद्ध सूत्रांच्या भाषांतरात वापरला, आणि 1979 पासून जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात पेशंटसाठी ताण कमी करायचे वर्ग सुरू केले तिथून तो दवाखान्यांत पोचला. पण बसायचं श्वासावर लक्ष ठेवून, मग त्यात आठवणीचा काय संबंध, असं कुणालाही वाटेल. मराठी माणसाला मात्र वाटायचं कारण नाही! आपण "लक्ष दे" म्हणतो आणि "लक्षात ठेव" म्हणतो, शब्द तोच, एकदा अवधान आणि एकदा आठवण. ध्यानाचंही तसंच, "ध्यान दे" आणि "ध्यानात ठेव". ही दोन कामं मुळात जोडलेली आहेत हे आपल्या भाषेत आधीच आहे.

बसल्यावर हे अनुभवाला येतं. मी श्वास बघायला बसतो, चार-पाच श्वास बरे जातात, मग लाईटबिल, मग भाऊ परवा काय बोलला ते, मग त्याला आपण काय बोलायला पाहिजे होतं ते, आणि मधेच कधीतरी एकदम आठवतं, अरे आपण तर बसलोय. ते आठवणं म्हणजे सति. आणि या क्षणाला मराठीत नेमका शब्द आहे, भानावर येणं. याच्यापेक्षा चांगला शब्द मला अजून सापडला नाही.

भान हा भा या धातूवरून आलाय, भा म्हणजे प्रकाशणं, भानू म्हणजे सूर्य त्यातलाच. भान असणं म्हणजे गोष्ट उजेडात असणं, दिसत असणं. आणि हा काही पोथीतला शब्द नाही. माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर होते, ते म्हणायचे मागावर हात नंतर, आधी भान लागतं. कारखान्यात कानठळ्या बसायच्या तरी एक धागा तुटला की त्यांना कळायचं, माग थांबवायचा, गाठ मारायची, परत सुरू.

एक अडचण आहे, ती लपवत नाही. "बोलताना भान ठेव" हे आपल्याकडं दटावणं आहे. आणि उलट बाजूला, पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, तिथं देहभान विसरून नाचणाऱ्याला आपण हात जोडतो, मग भान हरपणं चांगलं का भान असणं? दोन्ही आपापल्या जागी, भक्तीत हरपायचं असतं, या सरावात परत यायचं असतं. म्हणून मैत्रिणीला सांगतो, पानावर "भान ठेवा" लिहू नकोस, "भानावर या" लिही, त्यात रागावणं नाही, नुसतं परतणं आहे.

साक्षीभाव पण तिनं विचारला होता. सुंदर शब्द, पण तो वेदान्ताच्या घरचा, तिथं बघणारा साक्षी मनापासून वेगळा धरलाय. बौद्ध सरावात असा वेगळा कुणी मानत नाहीत, म्हणून मी तो टाळीन.

सूचनांबद्दल अजून एक. आपण "मला राग आला" म्हणतो, राग येतो आणि जातो, झोप येते, आठवण येते, कंटाळा येतो. वाक्यातच मी थोडा बाजूला आहे. मुलींना हेच म्हणू दे मनात, "राग आलाय", "काळजी आलीय", बस. "मी रागीट आहे" यापेक्षा किती हलकं वाटतं ते त्यांनाच कळेल. आणि सोलापुरी बोलूनच विचार त्यांना, "मन आता काय करायलंय?" प्रमाण मराठीतलं "मन काय करतंय" पण चाललं असतं, पण करायलंय, पळायलंय, कुढायलंय म्हटलं की आपल्या माणसाला ते मन समोर हलताना दिसतं, निदान मला तरी दिसतं.

म्हणजे मथळा माइंडफुलनेस असाच देवनागरीत राहू दे, खाली "भानावर येण्याचा सराव" लिही. आणि तिसऱ्या ओळीत तू "मनातले विचार थांबवा" लिहिलंयस ते आधी काढ, विचार थांबत नसतात आणि पोरी उगाच स्वतःवर चिडतील. त्या जागी लिही, "मन कुठं गेलं होतं ते बघा, आणि श्वासावर या."