पाच फुटी कृत्रिम नाताळ झाड विरळ दिसतं आणि पुढे कलतं, तर सजवायचं कसं?

तुम्ही जालन्याहून विचारलंय की ५ फुटी झाड आणलं, शंभरावर वस्तू टांगल्या, तरी मधला दांडा दिसतोच आणि झाड पुढे झुकतं. आणखी सामान आणू नका. लावलेलं सगळं उतरवा. विरळपणा फांद्यांमुळे आहे, कल स्टँडमुळे.

खोक्यात दाबून भरल्यामुळे फांद्यांवरच्या तारेच्या बारीक काड्या एकमेकींना चिकटून बसतात. त्या नीट उघडायला तासभर सहज लागतो आणि घाई नेमकी तिथेच होते. सर्वांत खालच्या थरापासून वर या. प्रत्येक फांदीवर दांड्याकडून टोकाकडे जा: एक काडी डावीकडे, एक उजवीकडे, एक वर, टोकाची सरळ पुढे. दांड्यालगतच्या काड्या उभ्या वळवून दांड्यावरच आणा, म्हणजे तो झाकला जातो. वाकवताना आतली तार धरा. हिरव्या पट्ट्या ओढल्या की तुटून खाली पडतात. मग चार पावलं मागे जाऊन बघा. जिथून भिंत दिसते, तिथे शेजारच्या फांदीच्या काड्या वळवा.

आता कल. दांड्याचे तुकडे एकमेकांत पूर्ण बसलेत का पाहा. सांधा हलत असेल तर आतल्या टोकाला इन्सुलेशन टेपचे एक-दोन वेढे द्या. झाड कोपऱ्यात ठेवलं की सगळं वजन पुढच्या बाजूला टांगलं जातं. स्टँड तीन पायांचं असेल तर एक पाय बरोबर समोर आणा, कारण दोन पायांच्या मधल्या दिशेला ते लवकर उलटतं. शहाबादी फरशीवर पाय सरकतात, म्हणून खाली गोणपाट टाका आणि मागच्या पायांवर वाळूची पिशवी ठेवा. दोन-तीन जड वस्तू मागेही टांगा.

माळा नेहमी बाकी सजावटीच्या आधी. ५ फुटाला ३०० ते ५०० दिवे लागतात. दिवाळीच्या एलईडी माळा चालतात. त्या जमिनीवर पसरून दहा-पंधरा मिनिटं लावून बघा, कारण झाडावर चढवल्यावर बंद पडलेला तुकडा शोधणं फार कटकटीचं. स्वस्त माळांत दिवे एकामागे एक जोडलेले असतात, एक सांधा सुटला की अख्खा तुकडा विझतो. अशा माळेत थेट २३० व्होल्ट असतात, त्यामुळे पिन काढल्याशिवाय हात लावू नका. पिनेचं टोक खाली सॉकेटजवळ ठेवून वर जा. नुसते बाहेरून वेढे घालू नका: माळ फांदीवरून दांड्यापर्यंत आत न्या, परत टोकाला आणा, मग पुढची फांदी. झाडाला खोली येते ती याच आतल्या उजेडाने. मला एकाच रंगाचा पिवळसर, न लुकलुकणारा उजेड सर्वांत चांगला वाटतो.

आपल्या भागात कापूस घरात असतोच, म्हणून बर्फासाठी तो फांद्यांवर पसरायचा मोह होतो. कृपा करून टाळा. सैल सांध्यातली एक ठिणगी त्याला पुरते आणि प्लॅस्टिकच्या झाडाचा धूर जीव घुसमटवतो. गव्हाणीत, म्हणजे येशूजन्माच्या देखाव्यातसुद्धा, मेणबत्तीऐवजी सेलचा दिवा ठेवा.

त्यानंतर चमकीची माळ, साधारण ४५ फूट, जराशी सैल सोडून. मग बॉल, घंटा, चांदण्या. ६०-७० वस्तू भरपूर झाल्या, तुमच्याकडे त्याहून जास्तच आहेत. मोठे बॉल आत दांड्याजवळ लावा, ते उजेड परत फेकतात आणि पोकळी भरतात. मध्यम मधे, लहान टोकांना आणि वरच्या भागात. दोरा घसरत असेल तर काडीचं टोक त्याच्यावर दुमडून टाका.

शेंड्याचा तारा शेवटी. एकट्या काडीला तो पेलत नाही. खराट्याच्या तीन-चार काड्या शेंड्याला हिरव्या दोऱ्याने बांधा आणि तारा त्यांच्यावर बसवा.

६ जानेवारीनंतर उतरवताना आधी ओलसर फडक्याने धूळ पुसा. कोरड्या थंडीत ती या पट्ट्यांना चिकटून राहते. पूर्ण वाळल्यावरच झाड खालून वर मिटत जुन्या चादरीत गुंडाळा. माळा पुठ्ठ्यावर गुंडाळून वेगळ्या ठेवा. पत्र्याखालच्या माळ्यावर झाड ठेवू नका, एप्रिल-मेच्या उष्णतेने पट्ट्या वाकड्या होतात. पलंगाखाली ठेवलेलं बरं.