इंजिनावर मर्यादा आली की स्पोर्ट्स कार रेसिंग संथ होते का?

तुम्ही विचारलंय की सीसी आणि पॉवरवर बंधनं आली की शर्यती मंदावतात का. थोडे दिवस मंदावतात, हो. पण मर्यादा नेमकी कशावर घातली, यावर पुढचं सगळं ठरतं.

आधी सीसीचं, म्हणजे इंजिनाच्या आकाराचं बघा (1000 सीसी म्हणजे 1 लिटर). 1967 मध्ये 7 लिटर इंजिनाच्या फोर्डने ले मान्स ही फ्रान्समधली 24 तासांची शर्यत जिंकली आणि 1968 पासून प्रोटोटाइपना, म्हणजे खास शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्यांना, 3 लिटरची मर्यादा आली. निदान 50 गाड्या बांधणाऱ्यांना मात्र 5 लिटरची मुभा होती, आणि पुढच्या वर्षी हा आकडा 25 वर आला. पोर्शेने हीच फट हेरली. एप्रिल 1969 मध्ये कारखान्याच्या आवारात 917 या मॉडेलच्या 25 नव्याकोऱ्या गाड्या ओळीने उभ्या केल्या! वेग कमी करायला आणलेल्या नियमातून हे निघालं. 1971 मध्ये 917 ने ले मान्सला 24 तासांत 5335 किलोमीटर कापले, तो विक्रम 2010 पर्यंत टिकला.

हवेवरची मर्यादा मला जास्त आवडते. एअर रिस्ट्रिक्टर म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेवर बसवलेला अरुंद गळा. त्या गळ्यात हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की कितीही आरपीएम वाढवा, जास्त हवा आत येत नाही. मग इंजिनीअर कमी आरपीएमवरच्या टॉर्ककडे (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराकडे) आणि इंधनाच्या थेंबाथेंबाकडे वळतो. 2001 मध्ये ऑडीने ले मान्सला डायरेक्ट इंजेक्शन, म्हणजे इंधन थेट सिलिंडरमध्ये फवारायचं तंत्र, आणलं ते रिस्ट्रिक्टरच्या याच काळात.

इंधनावरची मर्यादा ड्रायव्हरलाही कामाला लावते. 1982 च्या ग्रुप सी या नव्या वर्गात 1000 किलोमीटरला 600 लिटर इंधन, एवढंच. सिल्व्हरस्टोनला पोर्शे 956 ची ती पहिलीच शर्यत, आणि इंधन पुरवायचं म्हणून वेग आवरता घ्यावा लागला. जुन्या नियमांतली लान्चिया जिंकून गेली.

आता हायपरकार या ले मान्सच्या सर्वोच्च वर्गात चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरच टॉर्क मोजतात आणि पॉवर साधारण 500 किलोवॉटच्या आसपास बांधलेली असते. म्हणून कॅडिलॅकचं टर्बो नसलेलं 5.5 लिटर व्ही8 आणि फेरारीचं 3 लिटर टर्बो व्ही6 एकाच वर्गात झुंजतात. चुरस अटीतटीची होते, ते मान्यच. पण जास्त पॉवर काढणाऱ्या इंजिनीअरच्या हाती फारसं काही उरत नाही, आणि ते मला खरंच खटकतं.