साहब, राजीनामा हो गया!

प्रश्न : मी चाकणला लाइन सुपरवायझर आहे. हाताखाली ३४ पोरं, निम्मी बिहार-यूपीची, सात-आठ ओडिशाची, बाकी आपली बीड-लातूरकडची. सकाळच्या टूलबॉक्स टॉकला, म्हणजे काम सुरू करण्याआधीच्या छोट्या बैठकीत, मी सगळं हिंदीत सांगतो, सगळे माना डोलवतात आणि तासाभरात परत तीच चूक. वर एचआर म्हणतं की बाहेरची पोरं तुमच्यावर नाराज आहेत. अहो मी कधी शिवीसुद्धा देत नाही. आता काय इंग्लिश सुरू करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : इंग्लिश राहू द्या हो. जपानच्या राकुतेन या ऑनलाइन खरेदीच्या कंपनीत तिचे संस्थापक मिकितानी यांनी २०१० साली अख्ख्या कंपनीला इंग्लिश लावलं, पण शिकायला दोन वर्षं दिली होती, तुमच्याकडे सकाळची दहा मिनिटं.

मला वाटतं घोळ तुमच्या 'तू'मध्ये आहे. आपण हिंदी बोलायला लागलो की 'तेरेको बोला था ना, इधर आ' सुरू. आपल्या मनात काही नसतं, आपण आईलाही 'तू'च म्हणतो, पण लखनौ-पाटण्याकडे कितीतरी घरांत लहान पोरालासुद्धा 'आप' म्हणतात, त्याला चारचौघात 'तू' म्हणजे शिवी न देताच दिल्यासारखी.

शब्दही फसवतात. मी वाळूजला असताना दोन पोरांची जुंपली, दुसऱ्या दिवशी त्यातला एक येऊन म्हणाला, 'साहब, राजीनामा हो गया.' मी अर्धा तास त्याला समजावतोय, नोकरी सोडू नको, घरी पैसे कोण पाठवणार, आणि तो नुसता बघतोय. त्याला म्हणायचं होतं समझोता झाला! 'हम कर देंगे' म्हणतो तेव्हा तो बहुतेक एकटाच करणार असतो, आपण समजतो चौघं लागलेत कामाला. आणि बोर्डावर 'शिक्षा होगी' लिहू नका, त्यांना वाटेल वर्ग भरणार आहे.

'समझा क्या?' हे विचारणं तर बंदच करा, तीस जणांत कोण नाही म्हणणार? त्यापेक्षा एकाला पुढे बोलवा, 'आप करके दिखाइए' म्हणा, हातात पाना द्या, कुठे अडतंय ते लगेच दिसतं. ओडिशाच्या नव्या पोरांना हिंदीही धड कळत नसेल, त्यांच्यातला एखादा जुना गडी शेजारी उभा करा. मधेच मराठीत जोक मारून बीडवाल्यांना हसवत असाल तर तो हिंदीतही सांगा, नाहीतर बाकीच्यांना वाटतं आपल्यावरच हसले.

'आप' म्हणायला लागलात की पहिले दोन दिवस लातूरची पोरं तुमची नक्कल करतील, करू द्या.